मूठ

आमच्या घरात बंदूक कधी अख्खी आली नाही,
एकदा सोडून.
यायचे ते तुकडे : कापडात गुंडाळलेल्या नळ्या, चक्र्या,
मुठीसाठी अक्रोडाचे ठोकळे.
फिलोमेन पाटीतून आणायची,
दारात पाटी उतरवून आधी मान चोळायची, मग कॉफी मागायची.
वडील लोखंडाकडचे, आई लाकडाकडची.
एका टेबलाची दोन टोकं, मध्ये एकच दिवा
आणि दिव्यावरून रोज थोडं भांडण.

वडिलांची वेल चापामागून निघायची,
चक्रीच्या पाच घरांना वळसा घालून नळीवर चढायची
आणि तोंडाच्या दोन बोटं अलीकडे थांबायची.
तिथेच का, मी विचारलं होतं.
"पुढे धूर लागतो." एवढंच.
कोरून झालं की मेणबत्तीची काजळी धरायचे,
ओलसर कागदावर ठसा घ्यायचे.
पानं उलटी, अक्षरं उलटी;
गिऱ्हाइकांची नावं उजवीकडून डावीकडे लावत
मी वाचायला शिकले.

आई मुठी कोरायची.
सशामागे लागलेला कुत्रा, ओकची पानं,
कुणाच्या हौसेखातर सिंह.
सिंह तिने पाहिला नव्हता,
तिचे सगळे सिंह कोपऱ्यावरच्या पाववाल्यासारखे दिसत.

एका नोव्हेंबरात नामूरहून एक माणूस आला.
पाय पुसले, हातमोजे काढले नाहीत.
बायकोचा फोटो ठेवला, काडेपेटीएवढा.
"असा कोरा, की तळहाताला लागेल."

नऊ दिवस. आधी केस, मग कान, मग ओठ.
डोळे सगळ्यात शेवटी;
डोळे आले की ते कोरणाऱ्याकडे बघायला लागतात, हात बिचकतो.
नवव्या रात्री आई म्हणाली,
"हिला फोटो काढून घ्यायचा नव्हता."
"तुला काय करायचंय, ह्युबर्तीन?" वडील म्हणाले,
आणि दिवा स्वतःकडे ओढला.

दोन वर्षांनी ती परत आली, पाटीतून,
अख्खी, चिठ्ठीसकट :
चेहरा काढावा. साधी शंकरपाळी चालतील.

नाक झिजून सपाट झालं होतं.
गाल चकचकीत,
रोज कुणी अंगठा फिरवल्यासारखे.
वडिलांनी चक्री काढली,
नळी दिव्यासमोर धरून एक डोळा मिटला.
बराच वेळ.
मग चक्री बसवली.
आईने विचारलं नाही.
माझंही विचारायचं राहिलं,
मग वडीलच राहिले नाहीत.

त्या रात्री दिव्यावरून भांडण झालं नाही.
आईने ओठ तासले, कान तासले.
डोळे या वेळीही शेवटी.
भुसा तिने फुंकला नाही, चुलीत टाकला नाही,
ओंजळीने एका डबीत भरला.
डबी पुढे कुठे गेली, देव जाणे.
मग रेघा. तिरप्या, त्यांवर उलट्या तिरप्या,
एका बोटाच्या रुंदीत वीस.
"नक्षी त्याची," ती पुटपुटली,
"पण लाकूड किती काढायचं, ते माझ्याकडे."

गेल्या रविवारी लिएजला, नदीकाठच्या बाजारात,
पितळी बंब आणि फुटक्या कपांच्या मध्ये
मला एक वेल दिसली,
तोंडाच्या दोन बोटं अलीकडे थांबलेली.
चष्मा काढून ठेवला, मूठ हातात घेतली.
शंकरपाळ्यांखाली
अगदी जरासा उंचवटा,
अंगठा जिथे आपोआप जातो तिथेच.

विकणारा पोरगा प्रामाणिक होता.
म्हणाला, "मुठीत दोष आहे, आजी,
एका बाजूने फुगलीय.
म्हणून स्वस्त लावतो."

मी घासाघीस केली नाही.